शेकडा साडेतीन

आमच्याकडे व्याज वर्षाचं सांगत नाहीत, महिन्याचं सांगतात. "दोन टक्क्यानं काढले", "तीन टक्क्यानं घेतले" असं कुणी म्हटलं की परभणी, हिंगोली, बीडकडच्या माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही. दोन टक्के म्हणजे देणारा ओळखीतला आहे. तीन म्हणजे गरज मोठी आहे आणि पत लहान. पाच म्हणजे रान गेल्यातच जमा. म्हणून मागच्या उन्हाळ्यात आईनं जेव्हा विचारलं की अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दवाखान्याच्या खर्चाला पैसे आणलेस कुठून, आणि मी म्हणालो की क्रेडिट कार्डावरून, तेव्हा तिचा दुसरा प्रश्न तोच होता जो तिनं कुठल्याही उसन्या पैशाबद्दल विचारला असता.

"किती टक्क्यानं?"

"साडेतीन."

तिनं बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय. थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, "मग तिला बँक कशाला म्हणायचं?"

मी पोटापाण्यासाठी लोकांचे हिशेब लिहितो. छोट्या दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरतो. तरीही हा प्रश्न मला दीड वर्ष सुचला नव्हता, कारण कार्डाच्या कागदावर 'शेकडा' हा शब्द नसतो. तिथे 'फायनान्स चार्जेस' असतं, 'मिनिमम अमाउंट ड्यू' असतं, आणि ही किमान रक्कम इतकी नम्र असते की माणसाला वाटतं, चला, या महिन्याचं भागलं. भागलेलं काही नसतं. एक लाखाची थकबाकी धरा. महिन्याला साडेतीन टक्क्यानं व्याज ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६३० रुपये. घरकर्जाच्या किंवा पीककर्जाच्या व्याजावर हा कर नाही, कार्डाच्या व्याजावर मात्र आहे. झाले ४,१३०. किमान भरणा थकबाकीच्या ५ टक्के, ५,००० रुपये धरला, तर मुद्दलातून फिटले ८७०. बाकी सगळं पाण्यात. आणि त्याच महिन्यात तुम्ही त्याच कार्डावर मेडिकलचं बिल दिलं असेल, तर तेही पहिल्या दिवसापासून व्याजात, कारण मागचं थकलेलं असेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. वर्षाचा आकडा काढला तर ४२ टक्के, कर धरून पन्नासाच्या घरात.

हे कर्ज झालं कसं, ते थोडक्यात सांगतो, कारण मराठवाड्यात ते बहुतेकांचं असंच होतं. अण्णांना पहाटे लकवा मारला. परभणीतून नांदेड, नांदेडहून छत्रपती संभाजीनगर. घाटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, न्यावं की खाजगीत, हा निर्णय ॲम्ब्युलन्समध्ये बसून घ्यावा लागतो आणि तो घेणारा माणूस रात्रभर झोपलेला नसतो. घाटीवर आठ जिल्ह्यांचा भार. तिथले डॉक्टर काय हाल काढतात हे तिथल्या जिन्यावर एक रात्र काढली की कळतं. आम्ही खाजगीत गेलो. काउंटरवर आधी डिपॉझिट, मग पेशंट. "योजनेत बसतं का?" हे मी विचारलं. सुरुवातीचे काही दिवस बसलं, नंतरचं 'बसत नाही' झालं. तेव्हा खिशात होतं ते कार्ड. ते मला पगारखात्याबरोबर आपण होऊन आलेल्या फोनवरून मिळालेलं, मर्यादा माझ्या चार महिन्यांच्या कमाईइतकी. न मागता कार्ड देणं रिझर्व्ह बँकेनं बंद केलंय. पण फोनवरच्या मुलीनं "सर, लाइफटाइम फ्री आहे" म्हटल्यावर आपण "बरं" म्हणतो, ते मागणंच धरलं जातं.

इथपर्यंतची गोष्ट दवाखान्याची. खरा खर्च घरी आल्यावर सुरू झाला आणि माझा सगळा वाद त्या खर्चाबद्दल आहे.

आपल्याकडच्या आरोग्य योजना खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतचं संरक्षण आहे. ज्यांच्या घरात या कार्डांवर बायपास झाली ते या योजनांना नावं ठेवत नाहीत. पण या योजना आजार ओळखतात, म्हातारपण ओळखत नाहीत. त्यांच्या लेखी माणूस दवाखान्याच्या खाटेवर असतो तोवरच आजारी. घरच्या खाटेवर आणला की तो बरा झाला. लकव्याचा माणूस घरी येतो तेव्हा त्याच्याबरोबर एअर बेड येतो, लघवीची पिशवी येते, दिवसाला तीन-चार डायपर येतात, घरी येणारा फिजिओथेरपीवाला येतो, रात्री बसायला एक मावशी किंवा मामा लागतो. यातलं काहीही योजनेत बसत नाही. आणि हे सगळं एकदा नव्हे, दर महिन्याला. म्हणजे ऑपरेशनचे पाच लाख सरकार देईल, डायपरचे पाच हजार देणार नाही, आणि घर मोडतं ते या पाच हजारांनी.

अण्णा सहकारी सूतगिरणीत होते. ईपीएस-९५ ची पेन्शन मिळते. या योजनेतलं किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे. अण्णांचं त्याहून थोडं जास्त, इतकंच. निवृत्तीचे पैसे त्यांनी दीड टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून एका मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवले होते. मराठवाड्यातल्या वाचकाला पुढचं सांगायला नको. शटरला कुलूप, दारात म्हातारी माणसं, पासबुकं प्लास्टिकच्या पिशवीत. तेव्हा म्हाताऱ्यानं स्वतःची सोय करून ठेवायला हवी होती हा उपदेश मला कुणी करू नये. त्यानं केली होती.

मग येतो कायदा. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्यानं मुलाला जबाबदार धरलंय. सांभाळलं नाही तर आईवडील उपविभागीय अधिकाऱ्यापुढे दाद मागू शकतात, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मिळवू शकतात. सोडून दिलं तर तीन महिन्यांची कैदही आहे. मला या कायद्याबद्दल तक्रार नाही. आईबापाला वाऱ्यावर सोडणारी पोरं आमच्या गल्लीतही आहेत. पण राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये म्हातारपण आणि आजारपणात लोकांना साहाय्य करण्याची अपेक्षा राज्याकडूनही केलीय, 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असं म्हणून. मुलाच्या कर्तव्याला २००७ च्या कायद्यात अशी मर्यादा लिहिलेली नाही. सरकारची क्षमता संपली की ते श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० रुपये देऊन थांबतं, तेही वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर. मुलाची क्षमता संपली की तो कार्ड काढतो. योजनेचं नाव मात्र श्रावणबाळ. कावड कुणाच्या खांद्यावर आहे हे सरकारला नीट माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की आईबापाच्या शुश्रूषेसाठी कार्डावर चढलेलं कर्ज हे मुलाच्या बेहिशेबीपणाचं कर्ज नव्हे. समाजानं आणि सरकारनं मिळून उचलायचा खर्च एका घरावर ढकलला गेला, आणि त्या घरानं तो बाजारात मिळेल त्या दरानं उचलला, इतकंच ते आहे. मग तो दर काय असावा, हा सार्वजनिक प्रश्न होतो.

आता गंमत बघा. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. त्याखाली सरकारनं ठरवून दिलेले कमाल दर असे: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, बिगरशेतकऱ्याला तारणावर १५, विनातारण १८. म्हणजे परवानाधारक सावकारानं मला विनातारण पैसे दिले तर तो महिन्याला दीड टक्क्याच्या वर जाऊ शकत नाही. गेला तर जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार होते, घरावर धाडी पडतात, पेपरात फोटो येतो. ज्या 'तीन टक्क्या'ला आपण गावात सावकारी पाश म्हणतो, त्याच्याहून अर्धा टक्का जास्त घेणारी संस्था मात्र या कायद्याच्या बाहेर, कारण ती बँक आहे. बँकांच्या व्याजाचा दर अवाजवी आहे म्हणून न्यायालयानं तो व्यवहार उकरू नये, अशी तरतूद बँकिंग नियमन कायद्यातच आहे, कलम २१-क. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं जुलै २००८ मध्ये म्हटलं होतं की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सोळा वर्षं ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडून राहिलं आणि २० डिसेंबर २०२४ ला आयोगाचा निकाल रद्द झाला: दर ठरवणं हे आयोगाचं काम नाही, तो रिझर्व्ह बँकेचा प्रांत. कायद्याच्या दृष्टीनं निकाल बरोबर असेलही. पण मग ज्याचा प्रांत आहे त्यानं आकडा सांगायला हवा, आणि रिझर्व्ह बँक कमाल आकडा सांगत नाही. दर 'अवाजवी नसावा' म्हणते.

आपल्या जुन्या लोकांना आकडा सांगता येत होता. दामदुपट. व्याज मुद्दलाच्या वर एकाच वेळी मागता येणार नाही, असा धर्मशास्त्रातला नियम, जो मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी इंग्रजांच्या काळातही मानला. मी काही जुनं ते सोनं म्हणणारा नाही. त्या काळी सावकाराची वही कुणी तपासत नव्हतं हेही खरं. पण हा नियम कार्डांना लावायला काय हरकत आहे? एक लाखावर एक लाख व्याज घेतलं, आता पुरे. इथून पुढे जे येईल ते मुद्दलात. असा नियम झाला तर बँका बुडणार नाहीत. फार तर लाइफटाइम फ्रीचे फोन कमी येतील, आणि त्यात माझं मोठं नुकसान आहे असं मला वाटत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो, आणि तो आमच्याच घरातून, माझ्या मेव्हण्याकडून आला. तो सहकारी बँकेत आहे. म्हणाला, दाजी, कार्डाला तारण नसतं, बुडवणारे बुडवतात, त्यांचं नुकसान भरून काढायला दर जास्त लागतो. दर बांधला तर बँका गरजूला कार्डच देणार नाहीत, मग तो खऱ्या सावकाराकडे जाईल. या बोलण्यात तथ्य आहे. नाकारत नाही. देशात २०२४ च्या सुरुवातीला कार्डांची संख्या १० कोटींच्या वर गेली, आणि त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेनं अशा विनातारण कर्जांवरचं जोखीमभारमान (त्यांच्यामागे बँकेनं किती भांडवल राखायचं ते ठरवणारा आकडा) वाढवलं, म्हणजे धोका तिलाही दिसत होता. पण मेव्हण्याच्या युक्तिवादाचा अर्थ असा होतो की बुडवणाऱ्याची किंमत न बुडवणाऱ्यानं भरायची. कार्डावर पूर्ण पैसे दर महिन्याला भरणारा सुखी माणूस ती भरत नाही, त्याला तर उलट पॉइंट मिळतात, विमानतळावर फुकट चहा मिळतो. ती भरतो किमान रक्कम इमानानं भरत राहणारा. त्या चहाचे पैसे डायपरवाल्याच्या खिशातून जातात.

आणि असा माणूस बुडवत का नाही? लाजेपोटी. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

शेतकऱ्याच्या कर्जाला आमच्याकडे भाषा आहे. ते सातबाऱ्यावर बोजा म्हणून दिसतं, चावडीवर त्याची चर्चा होते, २०१७ ला दीड लाखापर्यंत माफी झाली, २०१९ ला दोन लाखांपर्यंत. वेळेवर फेडलं तर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. हे सगळं लढून मिळालंय आणि अजून अपुरं आहे. पण कार्डाच्या कर्जाला ना मोर्चा, ना चावडी. ते मोबाइलमध्ये असतं, मोबाइलला लॉक असतं. बायकोला माहीत नसतं. ज्या बापासाठी काढलं त्याला तर अजिबात कळू द्यायचं नसतं. आईबापाचं करताना पैशाचा हिशेब काढणं हे आपल्याकडे पाप. "बापाच्या औषधाचा हिशेब लावतो का?" हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून मी, हिशेब लिहिणारा माणूस, दीड वर्ष हिशेब लावला नाही. या लाजेचा फायदा कुणाला होतो? अण्णांना एका पैशाचा झाला नाही.

वसुलीवाल्यांना ही लाज नेमकी माहीत असते. त्यांचा फोन तुम्हाला नंतर येतो, आधी येतो भावाला, शेजाऱ्याला, मालकाला. एकदा तर आईच्या साध्या फोनवर आला आणि "तुमच्या मुलाला अटक होईल" असं सांगून ठेवला. तिनं दोन दिवस जेवण टाकलं. रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीचा फोन नाही, धमकी नाही, नातेवाइकांत बदनामी नाही; आणि एजंटानं केलं तरी जबाबदार बँक. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे, नुसत्या थकबाकीसाठी पोलीस येत नाहीत. वडिलांच्या स्वकष्टार्जित रानाला मुलाच्या कार्डासाठी बँक हात लावू शकत नाही. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. १४४४८ हा रिझर्व्ह बँकेचा नंबर आहे. मी तक्रार केली. फोन थांबले. पण हे माझ्यासारख्या कागदातल्या माणसाला वर्षानं कळत असेल, तर सेलूच्या किंवा जिंतूरच्या भाजीवाल्याला कोण सांगणार? ही माहिती बिलावर मराठीत छापा, इतकी साधी मागणी आहे. किमान रकमेचा चौकोन छापतातच ना, ठळक अक्षरात.

सगळ्यात मोठी पोकळी मात्र वेगळीच आहे. कंपनी बुडाली तर तिला दिवाळखोरीचा कायदा आहे, २०१६ चा. त्याच कायद्यात सामान्य माणसासाठीही एक भाग आहे. 'नव्यानं सुरुवात' अशा अर्थाची एक तरतूदसुद्धा आहे, तीत गरीब कर्जदाराचं छोटं कर्ज पुसलं जाऊ शकतं. तिच्या अटी ऐका: वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत, आणि स्वतःचं घर नको. एवढ्या अटींत बसणाऱ्याला कार्ड कोण देईल, हा प्रश्न बाजूला ठेवा. तो भाग कंपन्यांचे जामीनदार सोडले तर सामान्य माणसाला लागूच केलेला नाही. आमच्यासाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. शंभर वर्षांपूर्वीचा. आमच्या कोर्टातल्या एका जुन्या वकिलांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, शेवटचं प्रकरण कधी पाहिलं ते आठवत नाही. म्हणजे हजारो कोटींच्या कर्जावर 'हेअरकट' घ्यायला, म्हणजे त्यातला काही भाग सोडून द्यायला, न्यायाधिकरण आहे आणि लाख-दोन लाखांसाठी फक्त वसुलीवाला. हा भाग लागू करा, अटी आजच्या महागाईला धरून बदला, आणि शुश्रूषेसाठी झालेलं कर्ज त्यात वेगळं ओळखा. मला सरकारकडून कर्जमाफी नको आहे. कुणापुढे तरी बसून, कागद मांडून, एवढं देऊ शकतो आणि एवढं नाही, हे सांगायची जागा हवी आहे.

तोवर घरानं काय करावं, याबद्दल माझी मतं कडक आहेत. पहिलं कार्ड फेडायला दुसरं कार्ड काढू नये आणि कार्डावरून रोख तर कधीच काढू नये. रोखीवर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर काढण्याचं वेगळं शुल्क. घरात सोनं असेल तर ते बँकेत गहाण ठेवून कार्ड फेडणं हिशेबानं बरोबर आहे, सोनंतारणाचा दर कार्डाच्या निम्म्याहूनही कमी असतो. पण कार्ड वापरणं आधी बंद करा, मग सोनं गहाण ठेवा. उलटं केलं की सहा महिन्यांत सोनंही जातं आणि कार्डही भरतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी तिघांचं असंच झालं. थकबाकी हप्त्यांत बांधून घ्या, दर कमी करून मागा, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. तडजोड करायची वेळ आली तर राष्ट्रीय लोकअदालतीत करा. सिबिलवर 'सेटल्ड' असा डाग राहतो, राहू द्या. बापाच्या एअर बेडपेक्षा तो डाग मोठा नाही. आणि रान विकू नये. अण्णांचं औषध रानावर चाललं तर चालेल, बँकेचं व्याज नाही.

भावाबहिणींचा विषय मात्र मी शेवटी ठेवला, कारण तो कुठल्याच कायद्यात येत नाही. गावी राहतो तो करतो आणि पुण्याला आहे तो फोन करतो, ही आमच्याकडची रीत. करणाऱ्याचं आणि त्याच्या बायकोचं (खरं तर तिचंच जास्त) कष्ट कुणी मोजत नाही, आणि खर्च तर विचारायचाच नाही. वाटणीच्या वेळी मात्र सगळे सारखे. आई म्हणाली, वही लिही. मी म्हणालो, बरं दिसत नाही. ती म्हणाली, साडेतीन टक्के बरे दिसतात का?

पोळ्याला सगळे आले होते. पुरणपोळीचं जेवण झालं, बैल कधीच गेलेले असल्यानं मातीच्या जोडीची पूजा झाली, आणि मी वही भावापुढे ठेवली. तारीखवार, पावत्या टाचलेल्या. चाकणला कंपनीत आहे तो, आकड्यांची सवय आहे त्याला. पानं उलटत गेला. एका पानावर थांबला, बोट ठेवलं आणि आतल्या खोलीत अण्णांकडे बघत हळूच विचारलं, "डायपर एवढे लागतात?"

"पावसाळ्यात जास्त," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "वाळत नाही ना काही."